सॉरीबाई

शाळेतली पोरं तिला मागून सॉरीबाई म्हणायची, कारण हा एक शब्द तिच्या वर्गात चालत नसे. शिकवायची इंग्रजीच, पण कुणी सॉरी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "काय केलंस ते सांग. कुणाला लागलं ते सांग. मग बस खाली." त्या शब्दाची सगळी कुंडली तिला पाठ होती. मुळात तो दुखण्याच्या, ठणकण्याच्या शब्दातून निघालेला; जुने लोक सॉरी म्हणत तेव्हा आत काहीतरी ठणकत असे. पुढे त्याचा अर्थ केविलवाणा, कवडीमोलाचा असाही झाला. आणि आता? धक्का लागला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी. मेल्यांनी चांगल्या शब्दाची पार चिंधी करून टाकली.

आणि नेमकं तिच्याच घरात हे व्हावं. मांडीचं हाड मोडून ती बरेच दिवस हॉस्पिटलात होती. काठी टेकत घरी आली आणि आपल्या खोलीच्या दारातच थांबली. खिडकीखालचं लाकडी टेबल गायब. त्यावर तिने आयुष्यभर वह्या तपासल्या होत्या. बहीण गेल्यावर तिच्या मुलाला हिनेच वाढवलं. तो लहानपणी त्याच टेबलाखाली, हिच्या पायांशी झोपायचा. आता तिथे त्याच्या कपड्यांचं कपाट उभं होतं.

"भंगारवाल्याला दिलं," भाचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "सॉरी, मावशी."

मावशीचं पित्त खवळलं. "जळ्ळं तुझं सॉरी. काय केलंस ते नीट सांग."

"अगं, म्हटलं ना सॉरी. नवीन घेऊ या."

"मला टेबल नकोय. मला न विचारता का दिलंस, ते हवंय. आणि तो शब्द तोंडातून काढायचा नाही."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. त्याने ठेवलेला चहा तसाच गार व्हायचा. वाकून चप्पल घालता येत नव्हती, तरी त्याला हात लावू देईना. हाड मोडलं होतं, हेका नव्हता मोडला.

शेवटी एका सकाळी तो तिच्या पलंगाशी येऊन उभा राहिला. हातात मोबाइल नव्हता.

"टेबल मी दिलं," तो म्हणाला. "तू काही आता घरी येत नाहीस, असं धरून चाललो होतो मी. तू तिकडे श्वास घेत होतीस आणि मी इकडे तुझी खोली रिकामी करत होतो."

इतकं सरळ उत्तर तिला वर्गातही कुणी दिलं नव्हतं. मावशीच्या ते काळजाला लागलं, हाडाच्या दुखण्याहून जास्त. तिचा राग गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता.

"आले ना मी," ती म्हणाली आणि पलंगावर कशीबशी सरकली. "बस आता."