शेंगोळ्यांचं रेकॉर्डिंग

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलो नाही. सुनंदाजवळसुद्धा नाही — आणि बायकोपासून मी बाहेर खाल्लेली भजीदेखील लपवू शकत नाही, इतका कच्चा माणूस आहे मी. मग तुमच्याजवळ कशाला बोलतोय? तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून. कारण एवढंच आहे, आणि तेही काही फार शूरपणाचं नाही.

आमच्या शिरूर कासारच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे. लग्न असो की बारसं, जेवणं झाली की पोरं भोवती बसतात — काका, ती मोटारसायकल विहिरीत गेलती ती सांगा. मी सांगतो. माझ्या सगळ्या गोष्टींत फजिती माझीच होते, त्यामुळे लोकांना वाटतं, दत्ता स्वतःचं सगळं उघडं करतो, पोटात काही ठेवत नाही. एक तेवढी ठेवली. कारण त्या फजितीत लोक मला हसले नाहीत. आईला हसले.

कुठून सुरुवात करू? टीव्हीच्या डब्यांपासून करतो. डब्यांबद्दल बोलणं सोपं आहे.

नारायणगडाच्या यात्रेचं शूटिंग करायला एका लहानशा वाहिनीची माणसं आली होती. माझा धाकटा भाऊ बाळू बीडला असतो, त्याची त्यांच्याशी ओळख. तो त्यांना घरी जेवायला घेऊन आला. आईने हुलग्याचे शेंगोळे केले — पिठाच्या वळ्या हातावर वळून लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात, ते. त्या माणसांनी दोन-दोनदा मागून खाल्ले आणि म्हणाले, मावशी, हे आम्हाला कॅमेऱ्यासमोर करून दाखवा. आई आधी लाजली. मग आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आली, आणि चुलीपुढे अशी बसली की जणू जन्मभर कॅमेऱ्यासमोरच शेंगोळे वळत आलीय.

तो कार्यक्रम दाखवायची वेळ कळली आणि घरात पेच पडला. त्याच दुपारी क्रिकेटचा अंतिम सामना. टीव्ही एक. आई म्हणाली, "तुमी बघा तुमचं म्याच. माझं भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी शांता येतीया धर्मापुरीहून, तिच्यासंगंच बघंन." शांतामावशी आईची धाकटी बहीण. आईने तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि गल्लीतल्या चार बायकांना चहाचं आवतण दिलं होतं. स्वतःला टीव्हीवर बघायची तिला घाई नव्हती. आपल्या माणसांत बसून बघायचं होतं.

मी छाती पुढे काढून म्हणालो, सोडा माझ्यावर. बाळूने त्याचा सेटटॉप बॉक्स बीडहून आणला. छपरावरच्या एकाच डिशच्या छत्रीतून दोन वायरी काढल्या, एक आमच्या डब्याला, एक त्याच्या. त्याच्या डब्याला पेनड्राइव्ह लावला; तो आईचा कार्यक्रम भरून, म्हणजे रेकॉर्ड करून, घेणार, आणि आम्ही आमच्या डब्यावर सामना बघणार. अडचण एकच निघाली. दोन्ही डबे एकाच कंपनीचे. रिमोट एकीकडे दाबला की दोन्ही डबे ऐकायचे — इकडे बातम्या लावल्या की तिकडेही बातम्या. छत्रीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "भरून घ्यायचा डबा हाय ना, त्याच्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी मारा. मंग त्याला रिमोट दिसतच न्हाई."

मारली. आदल्या संध्याकाळीच, माझ्या हाताने, दाबून, आणि आईला बजावलं की पुसताना ह्या डब्याला फडकं लावू नकोस. आणि मग घरभर सांगत फिरलो, जणू उपग्रहच सोडलाय.

सामना सुरू झाला. आईचा कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेला डब्यावरचंच बटण दाबून भरणं चालू करून दिलं, टीव्हीची वायर काढून आमच्या डब्याला लावली, सगळं ठीक. आई ओसरीवर तूर निवडत बसली होती, मधूनच आत डोकावून विचारायची, "चाललंय का रं माझं?" मी म्हणायचो, चाललंय. पण तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर मलाच शंका आली. भरणं चालू असलं की डब्यावर लाल दिवा लुकलुकतो, आणि तो दिवा नेमका पट्टीखाली गेलेला. दिसणार कसा?

म्हणून मी पट्टी काढली. दिवा लुकलुकत होता. पट्टी बोटावर धरलेली — परत लावणार, तेवढ्यात विकेट पडली. बाळू ओरडला, मी मागे वळलो, जागेवर येऊन बसलो. बाळू म्हणाला, "दादा, हिंदीतलं लाव की, ह्या इंग्रजीतलं काय कळंना." मी रिमोट उचलला. चॅनल बदललं.

आता कळलं ना तुम्हाला? मला त्या वेळी कळलं नाही. सामना संपला, उठलो, तेव्हा गुडघ्याला काहीतरी चिकटलेलं दिसलं. काळ्या पट्टीचा तुकडा.

पट्टी लावायची राहिली होती, आणि माझा रिमोट दोन्ही डब्यांनी ऐकला होता. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून बघायला पाच मिनिटं लागली असती. आईला तेव्हाच सांगितलं असतं — आई, घोळ झाला, माझ्याच हाताने झाला — तर ती दोन शिव्या देती, मावशीला फोन करती, आणि चार दिवसांनी ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट झाली असती. मी ते केलं नाही. मी काय केलं? तुकडा गुडघ्यावरून काढला आणि परत डब्याला चिकटवला. कुणी बघितलं नाही. आणि मनात म्हणालो, झालं असेल बरोबर. काय सांगावं, झालंही असेल.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. आई तेच हिरवं लुगडं नेसून पुढे बसली होती. मी पेनड्राइव्ह लावला. आई पडद्यावर आली, मावशी म्हणाली, "अगं बया, काय दिसतीयास." आईने परातीत हुलग्याचं पीठ घेतलं, मीठ टाकलं, पाण्याचा तांब्या उचलला — आणि पडदा काळा.

"कावून थांबलं रं?" आईने विचारलं.  सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चाळिशी ओलांडलेला, घरातला एकटा जाणकार माणूस मी. बायका बघत होत्या, सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मी डब्याजवळ गेलो. वाकून बघितल्यासारखं केलं. पट्टीला बोट लावलं आणि म्हणालो, "ही सैल झालीय. आई, काल सकाळी फळी पुसताना तू ही काढली होतीस का?"

पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावत आलो की मी खोटं बोललो नाही. मी नुसतं विचारलं. पण विचारताना मला उत्तर माहीत होतं की नाही? होतं. आई रोज सकाळी टीव्हीची फळी ओल्या फडक्याने पुसते, हेही मला माहीत होतं. तिला "पुसली नव्हती" म्हणता येणार नाही, हे हेरूनच मी प्रश्न केला.

आई आठवू लागली. मग म्हणाली, "पुसली तर हुती. लागला असंल माझाच हात."

मावशी हसली. "आक्का, आता वय झालं तुझं." बायकाही हसल्या, वाईट मनाने नाही. सुनंदा म्हणाली, "परवा दूधबी उतू गेलतं आत्याबाईंकडून." बाळू म्हणाला, मागं मला फोनवर दोनदा तेच विचारलं होतं. बघता बघता प्रत्येकाला काहीतरी आठवलं. दूध कुणाच्या घरात उतू जात नाही? पण त्या दिवसापासून आमच्या घरात आईची प्रत्येक चूक मोजली जाऊ लागली, आणि त्या मोजणीला सुरुवात मी करून दिली होती.

बाळूने तिला बीडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानाने छान आहे सगळं, फक्त लक्ष ठेवा. घराने फक्त 'लक्ष ठेवा' एवढंच ऐकलं. मग ठरलं, आईने एकटीने गॅस लावायचा नाही. सिलिंडरचं बटण सुनंदा बंद करून ठेवू लागली. चूल त्या शूटिंगनंतर लाद्या बसवताना मोडली होती. शेंगोळे आता सुनंदा करते. आई खाटेवरून सांगते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, आता माझ्याच्यानं होत न्हाई.

त्या वाहिनीला मी फोन केला होता. कार्यक्रम पुन्हा दाखवणार नव्हते. पुढे वाहिनीच बंद पडली. पाण्याचा तांब्या उचललेली आई तेवढी पेनड्राइव्हमध्ये आहे.

इथपर्यंत मी भित्रा होतो, असं म्हणता येईल. पण पुढचं भित्रेपणात बसत नाही.

दिवाळीच्या आसपास मी ओसरीवर पेपर वाचत होतो. आई शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "दत्ता, लई आठवून बघितलं मी. फळी पुसलेली आठवतीया. त्या डब्याला फडकं लावलं न्हाई, तू सांगितलतं म्हणून, तेबी आठवतंय. पट्टी काढल्याचं तेवढं काही केल्या आठवत न्हाई रं."

म्हणजे तिला सगळं बरोबर आठवत होतं. शब्दन् शब्द. आमच्या घरात तिच्याइतकं नीट कुणालाच आठवत नव्हतं, आणि तेच घेऊन ती माझ्याकडे आली होती — खात्री करून घ्यायला, की तिचं डोकं ठिकाणावर आहे. याहून सोपी संधी कुणाला मिळते? ओसरीवर दुसरं कुणीही नव्हतं.

मी पेपरमधून मान वर न करता म्हणालो, "होतं असं आई. वय झालं की आठवत नाही."

ती "हां" म्हणाली. उठून आत गेली. तेव्हापासून ती विचारून करते. पंखा लावू का. दार लावून घेऊ का. माझं जेवण झालं का रं मघाशी?

मागच्या आठवड्यात सुनंदा माहेरी गेली होती. मी दुकानातून लवकर आलो, तर आई गॅसपाशी उभी. तिने स्वतः सिलिंडर चालू केला होता, भांड्यात पाणी ठेवलं होतं, लसूण सोलून ठेवलेला, परातीत पीठ होतं. मला बघताच तिने गॅस बंद केला आणि हात लुगड्याला पुसत मागे सरकली.

"मी काई करत नव्हते," ती म्हणाली.

मी म्हणालो, "बरं." आणि पुढे होऊन सिलिंडरचं बटण बंद केलं.