फळ्यावरचं काकूंचं वाक्य

सोमवार, तीन तारीख. सोसायटीच्या फळ्यापाशी हजर: रोजचा सुविचार लिहिणारे शेजारचे काका, काकू आणि सेक्रेटरी म्हणून मी.

आज फळ्यावर होतं, ‘दूध वर यायला लागलं की फुंकर घालत बसू नये, गॅस बारीक करावा. – एक थोर विचारवंत.’

“अहो, हे तर मी म्हणते,” काकू म्हणाल्या.

“मग मी दुसरं काय लिहिलंय?” काकांनी हातावरचा खडू झटकला.

“काहीतरीच तुमचं,” म्हणत काकू निघाल्या आणि जिन्यावरून वळून ते पुन्हा एकदा वाचून गेल्या.

थोरांची कितीतरी वचनं अशीच कुणाच्या स्वयंपाकघरातून निघाली असतील. बोलणारीचं नाव तेवढं आत राहिलं असेल.

टाकी धुण्याची सूचना मला याच फळ्यावर लिहायची आहे. डस्टर कधीचं हातात आहे, फळा पुसायचा राहिला आहे.