राखलेली खुर्ची

आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्यावर पक्षाचे एक जुने कार्यकर्ते राहतात. पक्षाची सभा असली की पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते उभे राहायचे. कुणी बसायला आलंच तर म्हणायचे, "साहेब येतायत." तेही इतक्या हळू, जणू खुर्चीत कुणीतरी झोपलंय. साहेब कधी यायचे, कधी नाही. मंडप उतरवायला सुरुवात झाली तरी त्यांचा हात तिथेच असायचा.

पक्ष सत्तेवर आला आणि या निष्ठेचं फळ म्हणून त्यांना चाळींच्या दुरुस्तीच्या मंडळाचं अध्यक्षपद मिळालं. चाळीत पेढे वाटले. आमची गॅलरी लाकडी टेकूंवर उभी आहे. आता काम झालंच, असं सगळ्यांनी धरलं.

एका दुपारी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. पडदे ओढलेले होते, पंखा संथ फिरत होता आणि पाण्याखाली असावा तसा हिरवट उजेड होता. अध्यक्षांच्या खुर्चीवरच्या पांढऱ्या टॉवेलला एक सुरकुतीही नव्हती. त्या टॉवेलवर हात ठेवून ते खुर्चीमागे उभे होते.

"बसा ना," मी म्हणालो.

ते गोड हसले. "बसेन रे. पण मध्येच साहेब आले म्हणजे?"

"आणि आपली गॅलरी?"

"होईल की. साहेबांना एकदा येऊ दे."

संध्याकाळी मी गॅलरीत टेकूवर हात ठेवून उभा होतो. शेजारच्या काकींनी विचारलं, "काय रे, काय म्हणाले अध्यक्ष?"

"साहेब येतायत," मी म्हणालो. अगदी हळू.