समदचा आवाज आणि अमरनाथचा डॅक

भूम गावात कापडाची दुकानं पुष्कळ, पण दुकान वाढवून घरी गेल्यावर दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध खुर्ची मांडून बसणारा कापडवाला एकच, अमरनाथ. ह्या गड्याला आवाजाचं भलतंच वेड. टेप झाला, सीडी झाली, आता फोनवरनं बिनतारी गाणं ॲम्प्लिफायरला जायचं न् तिथनं कमरेएवढ्या स्पीकरांना. बायको उमादेवी त्या स्पीकरांना सवती म्हणायची. त्यांना दिवसातून दोनदा पुसता, मला कधी पाणी तरी विचारलंत का, असा तिचा सवाल. अमरनाथ हसायचा न् आवाज वाढवायचा.

आणि खरा आवाज बसला होता दुकानाच्या ओट्यावर. समद टेलर. अमरनाथनं कापड फाडायचं, समदनं शिवायचं, शाळेपासूनची जोडी. मशीन चालवता चालवता समद गायचा. सोमवारी मठात भजनाला समद, उरसाला दर्ग्यात समद. त्याच्या आज्यानं रचलेलं चार कडव्यांचं एक पद होतं. कुठल्या पुस्तकात न्हाई, दुसऱ्या कुणाच्या तोंडी न्हाई. समदनं ते धरलं की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. पण ते टेप करून ठेवावं असं अमरनाथच्या मनातसुद्धा आलं नाही. रोज फुकटात कानावर पडतंय, त्याची कोण पत्रास ठेवतो? घर की मुर्गी दाल बराबर.

मग समदच्या गळ्यात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचंल, पण आवाजाची पेटीच काढावी लागंल. ऑपरेशनला जायच्या सकाळी समद पिशवी घेऊन दुकानात आला न् म्हणाला, जाता जाता आज्याचं पद म्हणतो.  अमरनाथला सुचलं ते एकच, आपल्याकडं सगळे करतात ते. व्हॉट्सॲपवर भजनाचा ग्रुप उघडला, माईकच्या चिन्हावर अंगठा दाबून धरला न् म्हणाला, म्हण. मग अंगठा उचलला, समद एसटी स्टँडकडं गेला. जन्मभर आवाजाचे चोचले पुरवलेल्या माणसानं मित्राचं शेवटचं गाणं सांगावा धाडावा तसं ग्रुपवर धाडून दिलं.

ऑपरेशन नीट झालं. समद परत आला, मशीनवर बसला. गळ्याला श्वासाचं भोक, त्यावर पांढरं फडकं. बोलणं सगळं खुणेनं, न्हाई तर फोनवर लिहून. मशीनचा खडखडाट पहिल्यासारखाच, बाकी ओटा मुका. अमरनाथला दुकानात बसवंना.

एका रविवारी समद घरी आला न् कानाला हात लावून त्यानं खुणावलं, ते पद ऐकव की. अमरनाथनं त्याला मोठ्या थाटात मधल्या खुर्चीत बसवलं. स्वतः त्यानं ते रेकॉर्डिंग तोवर एकदाही ऐकलं नव्हतं. छातीच होत नव्हती. लावलं, तर पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी गावं तसा आवाज आला. समदनं पहिल्या कडव्यातच हात वर करून थांबवलं. छातीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. हा मी न्हाई.

 अमरनाथनं ठरवलं, काही झालं तरी समदला समद ऐकवायचाच. एकदा तरी त्यानं छातीवर बोट ठेवून 'व्हय' म्हटलं पाहिजे. एवढी यंत्रं घरात आहेत ती मग कशाला?

पण बदलायचं काय? पुण्याला असलेला त्याचा मुलगा शिवकुमार म्हणाला, बिनतारीमध्ये आवाजाचा चोथा होतो, अप्पा, डॅक घ्या. फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी ती, वायरनं जोडायची. बार्शीचा भीमाशंकर, ज्याच्याकडनं सगळी खरेदी, तो म्हणाला, डबीनं काय व्हतंय, ॲम्प्लिफायर म्हातारा झालाय, डिजिटल घेऊन टाका. इंटरनेटवर व्हिडिओतनं सल्ले देणारा एक टोपीवाला म्हणत होता की फोनच मधनं काढा, नेटवरनं थेट गाणं वाजवणारा स्ट्रीमर बसवा. ऐकावं जनाचं, करावं मनाचं हे खरं, पण मनालाच कळंना तर माणसानं करावं काय? अमरनाथ आज डॅकवर यायचा, उद्या ॲम्प्लिफायरवर. गिऱ्हाईकाला सदऱ्याच्या जागी परकराचं कापड फाडून द्यायला लागला. शेवटी उमादेवीच म्हणाली, "समदभाऊजी हल्ली हसत न्हाईत. कुठली का डबी असंना, लवकर आणा."

डॅक आला. अमरनाथनं आधी आपली ठरलेली गाणी लावली. काय सांगावं! तबल्यावरचं बोट न् बोट वेगळं ऐकू येत होतं. तो लहान पोरासारखा हरखला. मग समदच्या पहिल्या दोन ओळी लावल्या. आधी पत्रा अंधारात होता, आता लख्ख उजेडात आला, एवढाच फरक.

शिवकुमारला फोन लावला. पोरानं विचारलं, रेकॉर्डिंग केलं कसं होतं? अंगठा दाबून, अमरनाथ म्हणाला. तसा पोरगा हळू आवाजात म्हणाला की व्हॉट्सॲपच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये बोलणं कळण्यापुरताच आवाज ठेवतात, बाकीचा घेतच नाहीत. आता काहीही बदललं तरी ते येणार नाही. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार? अमरनाथनं फोन ठेवला न् नव्या डबीकडं बघत बसला. ॲम्प्लिफायर नको, स्ट्रीमर नको, कशाचाच उपयोग नव्हता. आयुष्यात इतकं लाचार त्याला कधी वाटलं नव्हतं.

समदला बोलवायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण उमादेवीनं कौतुकानं आधीच निरोप दिला होता. समद आला तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. त्याला नाही कसं म्हणायचं? लावलं.

ह्या वेळी समदनं थांबवलं नाही. डोळे मिटून एक कडवं ऐकलं, दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं. बहुतेक अमरनाथच्या समाधानासाठीच ऐकत होता. तिसरं संपलं, चौथ्यासाठी समदनं श्वास घेतल्याचं ऐकू आलं, आणि एकदम खोलीत दुसराच आवाज आला. फोनच्या तोंडाशी असलेला, अख्खा, स्वच्छ, जसाच्या तसा. अमरनाथचा.

"बास कर आता, समद. गाडी सुटंल."

आणि रेकॉर्डिंग संपलं.

अमरनाथ हे बोलल्याचं विसरूनच गेला होता. आता आठवलं. गाडी स्टँडवर लागायलासुद्धा वेळ होता. मित्राचं गाणं त्याच्यानं ऐकवेना, रडू फुटायला लागलं म्हणून त्यानं अंगठा उचलला होता.

"गाडी लागली नव्हती रे," तो कसाबसा म्हणाला. समदनं मान हलवली. व्हय, त्याला ठाऊक होतं. तोच तर फलाटावर ताटकळत उभा राहिला होता.

अमरनाथनं त्याच्या हातात फोन दिला न् म्हणाला, चौथं कडवं लिही. समदनं लिहिलं. शब्द रोजचेच, अमरनाथलाही अर्धेमुर्धे पाठ. चौथ्याची चाल मात्र वेगळी होती, वर जाणारी. जन्मभर ऐकूनही ती त्याला धरता येईना. अमरनाथनं गाऊन बघितलं. समदनं मान हलवली. पुन्हा गायला, समदनं पुन्हा नकाराची मान हलवली. उमादेवी स्वैपाकघराच्या दारात उभी राहून डोळ्याला पदर लावत होती.

मग समद खुर्चीतनं पुढं सरकला. ओठ हलवत त्यानं हात उचलला, हवेत वर वर नेला, एका जागी थांबवला आणि तिथं बोटं जराशी थरथरवली. अमरनाथ त्या बोटांकडं बघत राहिला. तिथं कुठला सूर होता ते त्याला कळलं नाही.