बाबांच्या छातीतून पाहिलेलं ग्रहण

विज्ञान शिकवणाऱ्या बाईला अक्कल असते असा एक समज आहे. मीही तो बरीच वर्षं बाळगला. उज्जैनच्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत अंधश्रद्धा हुडकत फिरायची. घरोघर केबल नुकतंच आलं होतं. काचेच्या दारांची, गार हवेची एक्स-रे सेंटरं उघडत होती. सगळा देश पुढे निघालाय आणि एकटी आमची आई मागे राहिलीये, अशी माझी पक्की खात्री होती.

त्या वर्षी दिवाळीच्या पाठोपाठ सूर्यग्रहण आलं. आईने आदल्या दिवशीच पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं घातली आणि ग्रहण सुटल्यावर राम घाटावर स्नानाला जायचं जाहीर केलं. मी जाहीर केलं की अख्ख्या कॉलनीने गच्चीवर येऊन ग्रहण बघायचं. बघायला काळी फिल्म हवी होती, ती कपाटावरच पडली होती. सहा वर्षांपूर्वी बाबांचा खोकला हटेना, तेव्हा सरकारी दवाखान्यात त्यांच्या छातीचा फोटो काढला होता. खोकला गेला, फिल्म राहिली. असल्या फिल्ममधून सूर्य बघणं डोळ्यांना धोक्याचं असतं हे मला पुढे कळलं. विज्ञान शिकवायची म्हटलं ना.

मी कात्री घेतली तशी आई आडवी आली.

"अगं, ती त्यांची छाती आहे! जित्या माणसाची छाती कापतेस?"

"आई, ते प्लास्टिक आहे."

"असू दे प्लास्टिक. त्यातून ग्रहण बघायचं? तुझं दिमाग ठिकाणावर आहे का?"

रेल्वेतून रिटायर झालेले बाबा पेपरामागून म्हणाले, "कापू दे गं. मला कुठे दुखतंय?" आम्ही दोघं खो खो हसलो. आई आत निघून गेली.

बरगड्या पांढऱ्या असतात, त्या आमच्या काही कामाच्या नव्हत्या. फुप्फुसं मात्र मस्त काळी होती. मी आठ तुकडे केले आणि वाटले. सकाळी गच्चीवर कुणी बाबांच्या डाव्या फुप्फुसातून सूर्य बघत होतं, कुणी उजव्या. मी चंद्राच्या सावलीवर भाषण ठोकलं. खाली आल्यावर आईला ऐकवलंसुद्धा, "बघ, कुणाला काही झालं का?"

चार महिन्यांनी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी छातीचा एक्स-रे हवा म्हणून मी त्यांना नव्या सेंटरवर घेऊन गेले. डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि एका जागी बोट टेकवलं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला चण्याएवढा गोल डाग होता.

"पुरानी फिल्म है कोई?" त्यांनी विचारलं. "उसमें यही दाग इतना ही हो, तो समझिए किसी पुराने इन्फेक्शन का निशान है, भूल जाइए। नहीं हो, तो इंदौर जाकर सीटी स्कैन, और फिर सुई डालकर टुकड़ा निकालना पड़ेगा।"

त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. आम्हाला तो ऐकू आला. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

रिक्षात आमचं ठरलं की आईला सांगायचं नाही, ती उगाच घाबरेल. खरं तर घाबरलो होतो आम्ही, आणि मी तर आईला जास्त. घरी न जाता मी थेट शेजारचं दार वाजवलं. ग्रहणाचा तुकडा शाळेसाठी हवाय, अशी थाप मारली.

"वो तो उसी दिन आपकी मम्मी ले गई थीं, दीदी," शेजारीण म्हणाली. पुढच्या दारातही हेच उत्तर मिळालं. तिसरं दार मी वाजवलंच नाही.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. तिने उठून देव्हाऱ्याखालून बिस्किटांचा डबा काढला. धुतलेल्या धोतराच्या फडक्यात आठही तुकडे होते.

"लोकांच्या केरात जाऊ द्यायची होती का त्यांची छाती?" ती म्हणाली. "घरोघर जाऊन गोळा केले. स्नानाला गेले तेव्हा शिप्रेत सोडणार होते. मग वाटलं, जित्या माणसाचं असं काही नदीत सोडतात का? परत आणले."

तुकडे तिनेच जुळवले, बरगडीला बरगडी लावून, चिकटपट्टीने.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच सेंटरवर गेलो. डॉक्टरांना आधी हसू आलं. मग त्यांनी ती गोधडी दिव्यावर लावली आणि जुन्या डागावर पट्टी धरली, नव्या डागावर धरली, पुन्हा जुन्यावर धरली. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात आईचे सगळे देव एकेक करून आठवले. एरवी मला त्यांची नावंही धड येत नव्हती.

"वैसा का वैसा है," डॉक्टर म्हणाले. "पुराना है, कुछ नहीं।"

मला तिथेच रडू कोसळलं. बाबांनी खिशातला रुमाल काढून मला दिला आणि स्वतः बाहीने डोळे पुसले.

"इतना सँभालकर किसने रखा?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांची छाती लगेच फुगली. "हमारी बेटी साइंस पढ़ाती है," ते म्हणाले.

डॉक्टरांनी कौतुकाने माझ्याकडे बघून मान हलवली. शेजारच्या खुर्चीत आई दोन्ही फिल्म फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवत होती. तिने वर पाहिलं नाही.

आणि मी ते कौतुक घेतलं.