उपकरणांच्या यादीतली कोंबडी

"पीठ काही पळून जात नाही," असं म्बाह तुकिनेम उठता-बसता म्हणायची. म्बाह म्हणजे आजी. गुनुंगकिडुलच्या चुनखडीच्या डोंगरात सारं गावच तिला म्बाह म्हणे.

कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, माडाचा गूळ आणि ओलं खोबरं, एवढ्यावर ती असा टार्ट भाजायची की खाणारा बोलायचं विसरायचा. पण कसावा पडला दुष्काळाचं खाणं. तो स्वयंपाक शिकवणाऱ्या पाकशाळेत मैद्याच्या शेजारी मानानं बसावा, एवढीच म्हातारीची आस होती. गुरुवारी परीक्षक येणार होते. टार्ट जमला तर कसावा अभ्यासक्रमात राहणार, बिघडला तर पुन्हा नुसता मैदाच.

शाळेतल्या वेनिंगबाईंनी म्हातारीच्या चुलीपाशी बसून मोबाइलवर चित्रण करून धडा तयार केला होता. धडा सुरेख, पण मुलांचे टार्ट वाळूसारखे भुगा होऊन पडत. तीनदा पडले. शेवटी बाईंनी धडा म्हातारीलाच दाखवला.

"माझी ब्लोरोक कुठाय?" म्हातारीनं विचारलं. ब्लोरोक ही तिची ठिपक्यांची कोंबडी.

"म्बाह, तुम्ही पीठ झाकून अठरा मिनिटं कोंबडीशी भांडत होता. ते काढून टाकलं. धड्यात कोंबडी कशाला?"

"अगं शहाणे, मग पिठानं पाणी प्यायचं कधी?"

"एवढंच ना? 'अठरा मिनिटं थांबा' असं लिहिते."

"लिही. आणि बघ, किती जण थांबतात!"

कुणीच थांबलं नाही. हात शिवशिवायचे, पोरं झाकण उचलून पीठ दाबून बघायची. हरून बाईंनी कोंबडी धड्यात परत घातली.

गुरुवारी शाळेत चोवीस पोरांनी पीठ झाकलं, धड्यात दाखवलं तशी अंगणात गेली आणि रिकाम्या जमिनीला शिव्या घालू लागली. "निर्लज्जे! शेजाऱ्याचा भात खातेस?" म्हातारीनं सोबत आणलेली खरी ब्लोरोक ओसरीवर टोपलीत होती, पण गाडीच्या हेलकाव्यांनी तिला भोवळ आलेली.

"हे काय चाललंय?" परीक्षकांनी चष्मा पुसला.

"पाचवी पायरी, साहेब," बाई म्हणाल्या.

टार्ट खरपूस निघाले, भुगा होऊन पडले नाहीत. परीक्षकांनी एक संपवला, दुसरा उचलला, आणि कागद पाहून थबकले.

"बाई, पाचव्या पायरीला कोंबडी आहे आणि उपकरणांच्या यादीत नाही. शाळेच्या मालकीची कोंबडी नसेल तर धडा मंजूर करता येत नाही."

"साहेब, मुलांनी तर कोंबडीवाचूनच..."

"ते मी पाहिलं. कागदानं नाही पाहिलं."

वेनिंगबाईंचा चेहरा उतरला. म्हातारी मात्र उठली. तिनं टोपलीतून ब्लोरोक काढली, पोटाशी धरली, तिची विस्कटलेली पिसं अंगठ्यानं सारखी केली. सात वर्षं तिच्या घरात हिच्याखेरीज बोलायला कुणी नव्हतं.

"घ्या. लिहा शाळेच्या नावावर."

"वजन किती?" साहेबांनी विचारलं.

"भांडायला पुरेल एवढं."

साहेबांनी तेच लिहिलं, शिक्का मारला आणि ब्लोरोकच्या पायात यादीतल्या एकतीस नंबरची चिठ्ठी बांधली. कसावा राहिला.

"म्बाह, कधीही भेटायला या हं तिला," बाई म्हणाल्या.

"मी कशाला? पोरांना नीट भांडायला शिकव. अगदीच मिळमिळीत बोलतात."

म्हातारीनं रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातली आणि चुनखडीच्या पांढऱ्या रस्त्यानं सावकाश गाडीतळाकडे निघाली. फाटकाशी चोवीस पोरं पिठाच्या हातांनी बघत उभी राहिली. त्यांच्या मागे साहेब उभे होते, हातातल्या टार्टचा घास घ्यायचा विसरून.