डोळे मोजणाऱ्या मॅडम

"छान. आता उलटं वाच."

मुलानं भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हटली, की मॅडम आपला चष्मा वर सारायच्या आणि हे म्हणायच्या. मुलाचा चेहरा पडायचा.

तुम्हीही शाळेत हे केलंच असेल. नेत्रतपासणीची रांग लागते, पुढचा मोठ्यानं वाचतो, मागचे ऐकून पाठ करतात. पाठांतराला बक्षिसं देणारी माणसं आपण. डोळे तरी त्यातून कसे सुटणार? कोथरूडच्या एका शाळेत तर मुलांनी ओळ उलटीही पाठ केली होती. मॅडम म्हणाल्या, "क्लास लावलाय वाटतं."

मॅडम नेत्रतपासनीस. घर पिढ्यान्‌पिढ्या नाना पेठेतलं. त्या शाळाशाळांतून मुलांचे डोळे मोजायच्या आणि मी त्यांच्या मोहिमेची पत्रकं लिहायचे. मुलानं यंत्रावर हनुवटी टेकवायची, आतल्या दिव्याकडे बघायचं. यंत्र डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी सांगायचं आणि पुढच्या पारदर्शक काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, बाकही. डोळा फार लांबला, की दूरचं धूसर दिसायला लागतं.

काळजी हा त्यांचा स्वभावच. रिक्षात बसल्या तरी आरशातून चालकाकडे बघत राहायच्या. "डोळे बारीक करून बघतोय गं," माझ्या कानाशी कुजबुजायच्या. "उतरू या का?"

क्लासला जुंपलेल्या कोथरूडच्या मुलांचे डोळे विश्रांतवाडीच्या मुलांपेक्षा लांब भरताहेत म्हटल्यावर मी लगेच मथळा लिहिला: 'क्लासवाल्यांनी ताणलेले डोळे!' मॅडमनी तो वाचला आणि कागद परत केला.

"मुलगे किती होते, मुली किती? उंची बघितलीस? मुलग्यांचा डोळा जरा लांब असतोच, उंच पोरांचाही. काच चपटी असली तर लांब डोळासुद्धा लख्ख बघतो. आणि लांबी नेहमीची, पण काच टोकदार झाली, तर? नुसत्या लांबीवरून भांडू नकोस."

"मग भांडायचंच नाही?"

"भांड की. आधी पूर्ण मोज."

मुलांची संध्याकाळ विकत घेणाऱ्यांवरचा माझा राग आजही शाबूत आहे. पण तो मथळा मी खोडला.

त्याच आठवड्यात विश्रांतवाडीच्या शाळेत आठवीतली एक मुलगी यंत्रासमोर बसली. तक्ता तिनं सुलटाही वाचला होता, उलटाही. डोळ्यांची लांबी अगदी साधारण. डाव्या डोळ्याची काच मात्र शंकूसारखी पुढे आलेली. मॅडमनी पुन्हा पुन्हा मोजलं. मग मला बाजूला घेतलं. "उजव्या डोळ्यानं वाचून पाठ केलं आणि डाव्याच्या वेळी म्हणून दाखवलं. या वयात हे भराभर वाढतं. थांबवता येतं, पण गेलेली नजर परत आणता येत नाही."

फाटकाशी तिची आई भेटली. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं.

"वाचती की सगळं," आई म्हणाली. "उलटंबी वाचलं म्हणं. उगं चष्म्याची पोर म्हणून नाव नका पाडू, मॅडम."

"चष्म्याचं नाहीच हे, ताई. मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी येते सोबत."

"बघू," म्हणून ती गेली. त्यानंतर फोन उचलेना. मॅडम जेवता जेवता फोन लावायच्या, दुसऱ्या मुलाची हनुवटी यंत्रावर असताना लावायच्या. "घेत नाही गं." शेवटी शाळेतल्या बाईंनी सांगितलं, सुट्टी लागली, मायलेकी आज गावी, सांगोल्याला निघाल्या, शाळा उघडली की येतील.

"या अल्लाह, तोवर किती पुढे जाईल ते!" मॅडमनी पर्स उचलली.

स्वारगेटला सांगोल्याची गाडी उभी होती. आईनं पिशवी वर चढवली होती, मुलगी पायरीशी होती. मी मुलींच्या आरोग्याच्या हक्कावर बोलायला सुरुवात केली. मॅडमनी मला कोपरानं बाजूला सारलं, मुलीच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि पलीकडच्या गाडीकडे बोट केलं.

"बेटा, त्या गाडीची पाटी वाच."

मुलीनं डावा डोळा बारीक केला. मग हळूच म्हणाली, "पाटी आहे का तिथं?"

"अगं, समोर तर हाय! नीट बघ की."

"बघतीय गं, आई."

आई थांबली. तिनं स्वतःचा उजवा डोळा हातानं झाकला आणि त्या पाटीकडे बघून एकेक अक्षर लावलं. "बा... रा... म... ती." मग हात बदलून दुसऱ्या डोळ्यानं वाचलं. मग लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

"मावशी, बसताय ना? गाडी सुटतीय," कंडक्टर ओरडला.

"आमची पिशवी खाली द्या," ती म्हणाली.

पिशवी खाली आली. गाडी मागे सरकून निघूनही गेली. मॅडमचा तळहात अजून त्या मुलीच्या डोळ्यावरच होता.